कागदावर चौदा वर्षे: जुळे सोलापुरातल्या एका घरफोडीचा प्रकरण अभ्यास

एकाच वसाहतीत लागोपाठ तीन-चार घरे फुटली की रहिवाशांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन पोलीस आयुक्तालयात जाते. गस्त वाढवा, कॅमेरे बसवा, पथदिवे सुरू करा अशा मागण्या असतात आणि शेवटी ठरलेली ओळ: घरफोडी करणाऱ्यांना किमान दहा वर्षे आत टाका, कायदा कडक करा. या शेवटच्या ओळीचे नेमके काय करायचे ते पाहण्यासाठी इथे एक प्रकरण पंचनाम्यापासून निकालापर्यंत मांडले आहे. ते कुणा एका कुटुंबाचे नाही. अशा खटल्यांत नेहमी जे घडते ते एकत्र करून रचले आहे. माणसे आणि ग्रॅम-रुपये काल्पनिक आहेत, कलमे आणि कोर्टाचे अधिकार खरे आहेत.

आधी कायदा. रात्री घर फोडून चोरी करण्याला जुन्या दंड संहितेच्या कलम ४५७ खाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच गुन्हा ३३१(४) मध्ये आहे आणि शिक्षा तीच, १४ वर्षांपर्यंत. दिवसा फोडले तर ३३१(३), १० वर्षांपर्यंत. राहत्या घरातली चोरी कलम ३०५ खाली, ७ वर्षांपर्यंत. म्हणजे निवेदनात मागितलेल्या दहापेक्षा मोठा आकडा कायद्यात कधीचाच आहे. तरीही या प्रकरणातला मुख्य आरोपी निकालानंतर तीन महिन्यांत सुटला.

रात्र आणि पंचनामा

मे महिना. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा निम्मी वसाहत गच्चीवर झोपते. जुळे सोलापुरातल्या या बैठ्या बंगल्यातले पाच जण रात्री साडेदहाला बाहेरच्या जिन्याने वर गेले. पुढच्या दाराला कुलूप लावले. मागचे, मोरीकडचे दार आतून कडी घालून बंद होते. पहाटे सव्वापाचला सून खाली आली तेव्हा मागचे दार उघडे होते आणि कपाटातल्या साड्या जमिनीवर पडल्या होत्या. कपाट फोडलेले नव्हते. किल्ली कपाटाच्या डोक्यावरच असते, हे चोराला सांगावे लागत नाही.

गेलेला माल: पाटल्यांची जोडी ४० ग्रॅम, गंठण ३५, बोरमाळ २०, साखळी १५, मुलाची अंगठी ५. एकूण ११५ ग्रॅम, शिवाय रोख ४०,००० रुपये.

इथे दोन गोष्टी पंचनाम्यात यायला हव्यात आणि दोन्ही बहुधा निसटतात. पहिली वेळ. गुन्हा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी झाला हे सिद्ध झाले तरच ३३१(४) लागते. घर चार दिवस बंद असेल तर फोडले दिवसा की रात्री हे कुणीच सांगू शकत नाही, आणि प्रकरण आपोआप ३३१(३) वर उतरते. या घरात ती अडचण नव्हती. साडेदहाला सगळे बंद, सव्वापाचला उघडे, आणि मे महिन्यात सोलापुरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. फिर्यादीत मात्र फक्त ‘रात्री कधीतरी’ असे आले होते. ते पुरवणी जबाबात दुरुस्त झाले म्हणून निभावले.

दुसरी गोष्ट दार. नुसते लोटलेले दार ढकलून आत शिरणे आणि कडी उचकटून शिरणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. घर ‘फोडले’ असे म्हणायला प्रवेश कसा झाला ते दाखवावे लागते: कुलूप उघडून, जोर लावून, भिंतीवरून चढून, किंवा माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने. ‘दाराची कडी तुटलेली दिसली’ एवढ्या वाक्याने हे भागत नाही. या दाराचा कोयंडा पाऊण इंची स्क्रूंवर बसवला होता. चारही स्क्रू लाकडासकट बाहेर आले होते, आणि चौकटीच्या बाहेरच्या कडेला सुमारे २२ मिलिमीटर रुंदीचा, दोन ठिकाणी दबलेला ठसा होता. तो मोजपट्टी लावून, जवळून आणि काटकोनात फोटो काढून नोंदवला, तर पुढे आरोपीकडे सापडलेल्या कटावणीच्या टोकाशी जुळवता येतो. फोटो काढले, पण मोजपट्टी न लावता. कटावणी मिळाली तेव्हा जुळवण्यासारखे काही उरले नाही. (जाता जाता: कोयंड्याला दोन-अडीच इंची स्क्रू चौकटीच्या आत जातील असे बसवले तर तेच दार कटावणीला कितीतरी जास्त वेळ दाद देत नाही. वाढीव खर्च एका वडापावपेक्षा जास्त नाही.)

सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी यावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा नवा कायदा) कलम १७६(३) सांगते. घरफोडी त्यात बसते. तज्ज्ञ आला, पण तोवर घरच्यांनी साड्या घड्या करून ठेवल्या होत्या. शेजारणी येऊन कपाटाला हात लावून गेल्या होत्या. जे हाती लागले ते एका स्टीलच्या डब्यावर. दागिन्यांचा हा डबा चोराने मोरीपर्यंत नेऊन तिथेच टाकला होता. भुकटी मारल्यावर दोन बोटांचे ठसे उमटले. घरातल्या पाचही जणांचे ठसे घेऊन ते वगळले, हे महत्त्वाचे. ते केले नसते तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तोच असता.

फिर्याद: ‘अंदाजे अकरा तोळे’

गुन्हा दाखल होताना घरचे गोंधळलेले असतात, ठाणे अंमलदाराला घाई असते, आणि कागदावर ‘अंदाजे अकरा तोळे सोन्याचे दागिने’ उतरते. हे वाक्य पुढे दोन वर्षे नडते. दागिना परत मिळाला तर तो ‘हाच’ हे कशावरून सांगणार? प्रत्येक नगाचे वजन, घडण, दुरुस्तीची खूण, पावती आणि हॉलमार्क असल्यास सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक) फिर्यादीत किंवा दोन-तीन दिवसांत पुरवणी जबाबात यायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत, त्यामुळे अलीकडच्या खरेदीत हा क्रमांक बहुधा पावतीवर सापडतो. सासूच्या काळातल्या बोरमाळेला अर्थातच नसतो.

या प्रकरणात सगळे तरले ते त्या बोरमाळेवरच. सुनेने पुरवणी जबाबात सांगितले होते: मधल्या तीन मण्यांतली लाख गळाली होती, ती पुन्हा भरून घेतली आहे, आणि मागचा लाल गोफ बदलून काळा घातला आहे. लग्नातल्या फोटोत तीच माळ लाल गोफासकट दिसते. इतके बारीक वर्णन कुणी बसवून सांगू शकत नाही.

अटक, लगड आणि सराफ

समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात पहाटे दोननंतर दोघे जण जाताना दिसले, चेहरे नाहीत. डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ १७ मिनिटे पुढे होते. तपासी अंमलदाराने मोबाइलच्या वेळेशी ताडून तो फरक पंचनाम्यात लिहिला, हे चांगले केले. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र मात्र दोषारोपपत्रासोबत अर्धेच जोडले. नव्या नमुन्यात दोन भाग असतात: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (ती नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावे लागते. तज्ज्ञाचा भाग नव्हता. चित्रफीत पुराव्यातून बाहेर गेली. घरगुती डीव्हीआरवर जुने चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, त्यामुळे चूक लक्षात आल्यावर मूळ परत मिळायची सोय नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी दोघांना अटक झाली. आरोपी क्रमांक १ वय ३४, शेजारच्या जिल्ह्यातल्या कोर्टाने एका घरफोडीत आधी शिक्षा दिलेली, आणखी दोन खटले चालू. डब्यावरचे ठसे पोलिसांच्या ठसे जुळवणाऱ्या ॲम्बिस प्रणालीत त्याच्याशी जुळले होते. आरोपी क्रमांक २ वय १९, कोरी पाटी. त्याच्या घरझडतीत बोरमाळ मिळाली. झडतीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाले होते.

पहिल्याने निवेदन दिले की बाकीचे सोने एका सराफाला विकले आहे, काढून देतो. पोलिसांसमोरच्या कबुलीला किंमत नसते. पण तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाने तेवढा भाग ग्राह्य होतो. दुकानातून वितळवलेल्या सोन्याची ६८ ग्रॅमची लगड जप्त झाली. इथे खटला लंगडा झाला. लगडीला घडण नाही, खूण नाही, क्रमांक नाही. ती पाटल्या-गंठणाची आहे हे कुणी ओळखू शकत नाही. सराफावर चोरीचा माल घेण्याचे ३१७(२) लावायचे तर माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होते किंवा तसे मानायला कारण होते हे दाखवावे लागते, आणि ते कागदांतून दिसते: जुने सोने खरेदीची वही, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेतली की नाही, दर बाजारभावाच्या किती खाली, पैसे रोख की खात्यात, आणि किती तासांत वितळवले. तपासात फक्त लगड जप्त झाली, वही नाही. शिवाय दोन्ही पंच ठाण्याशेजारच्या टपरीवरचे, आधी कितीतरी पंचनाम्यांवर सह्या केलेले. त्यातला एक उलटतपासणीत म्हणाला, सही ठाण्यातच केली. सराफ निर्दोष सुटला.

एक खोड इथे बोलून दाखवायलाच हवी. माल मिळाला की टेबलावर मांडून फोटो काढायचे, फिर्यादीला बोलावून दाखवायचे, वर्तमानपत्रात छापायचे, आणि नंतर ओळखपरेड घ्यायची. आधी दाखवलेल्या वस्तूची ओळखपरेड म्हणजे निव्वळ उपचार. बोरमाळेच्या बाबतीत हे टळले, कारण ती तशाच दिसणाऱ्या पाच माळांत मिसळून पंचांसमोर आधी ओळखवून घेतली होती.

चौदाचे दोन कसे झाले

दोषारोपपत्र अटकेनंतर ५८ व्या दिवशी दाखल झाले. ही तारीख जपून पाळावी लागते, मुदत उलटली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत ६० दिवसांची की ९० ची, हा वाद या कलमात होऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ९० दिवसांसाठी ‘दहा वर्षांपेक्षा कमी नाही’ अशा शिक्षेची अट होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राकेश कुमार पॉल खटल्यात तिचा अर्थ किमान शिक्षा दहा वर्षे असा लावला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये शब्द ‘दहा वर्षे किंवा अधिक’ असे आहेत. शहाणा तपासी अंमलदार त्या वादात न पडता साठाच्या आत मोकळा होतो.

आता खरी गोम. ३३१(४) ची शिक्षा १४ वर्षांपर्यंत असली तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीनुसार हा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. आणि त्याच संहितेच्या कलम २३ प्रमाणे त्यांना एका गुन्ह्यात ३ वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मर्यादा ७ वर्षे. संसदेने उद्या १४ चे २० केले तरी त्या कोर्टातला आकडा ३ च राहील. निवेदन लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

निकाल असा लागला. आरोपी क्रमांक १: ३३१(४) खाली २ वर्षे सक्तमजुरी, ३०५ खाली दीड वर्ष, दोन्ही एकत्र भोगायच्या. जामीन मिळाला नसल्याने तो अटकेपासून १ वर्ष ९ महिने आतच होता, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे ते दिवस वजा झाले. उरले तीन महिने. आरोपी क्रमांक २ चे वय निकालाच्या वेळीही २१ च्या आत, त्यामुळे परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ चे कलम ६ आड आले. अशा मुलाला कैद द्यायची तर कारणे नोंदवावी लागतात. परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल बरा होता, चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर तो सुटला. यात गैर काही झाले असे वाटत नाही.

पहिल्याच्या बाबतीत मात्र झाले. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तो कायद्याच्या भाषेत पहिल्यांदाच शिक्षा होणारा माणूस होता, कारण आधीच्या शिक्षेचा पुरावा रेकॉर्डवर आलाच नाही. दोषारोपपत्राच्या मागे ‘पूर्वइतिहास’ म्हणून गुन्ह्यांची यादी जोडलेली होती. ती यादी म्हणजे पुरावा नव्हे. त्या निकालाची साक्षांकित प्रत आणि शिक्षा झालेला माणूस हाच हे दाखवणारे ठसे किंवा कारागृहाची नोंद लागते, आणि वाढीव शिक्षा मागायची तर आधीची शिक्षा आरोपातच तारीख, कोर्ट, कलमासह लिहावी लागते. प्रत शेजारच्या जिल्ह्यातून आणायची होती. पत्र गेले, स्मरणपत्र गेले नाही.

ती प्रत असती तर तीन दरवाजे उघडले असते. न्याय संहितेचे कलम १३: मालमत्तेविरुद्धच्या प्रकरणातल्या तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केला, तर जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६३: अशा आरोपीचा खटला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा सत्र न्यायालयाकडे पाठवायचा, खालचे कोर्ट स्वतः पुरेशी शिक्षा देऊ शकत असेल तरच ठेवायचा. आणि कलम ३६४: साक्षीपुरावा ऐकल्यावर आरोपी दोषी आहे पण आपल्या अधिकारातली शिक्षा अपुरी आहे असे वाटले, तर न्यायदंडाधिकारी मत नोंदवून प्रकरण वर पाठवू शकतात. यासाठी सहायक सरकारी अभियोक्त्याने युक्तिवादाआधी एक पानाचा अर्ज देणे एवढेच लागते. तो दिला गेला नाही.

एक सावधगिरी. कलम १३ ‘या संहितेच्या’ प्रकरणांखालील शिक्षेबद्दल बोलते. आधीची शिक्षा जुन्या दंड संहितेखालची असेल तर बचाव पक्ष त्या दोन शब्दांवर बोट ठेवणारच. म्हणून अर्ज एकट्या १३ वर उभा करू नये, ३६४ ची जोड द्यावी. तिथे आधीची शिक्षा कुठल्या संहितेची हा प्रश्न आड येत नाही.

मग किमान शिक्षा हवी की नको

कायद्यात एक खड्डा खरोखर आहे. साध्या चोरीसाठी ३०३(२) मध्ये दुसऱ्यांदा शिक्षा होताना किमान १ वर्ष, कमाल ५ वर्षे सक्तमजुरी अशी तरतूद नव्याने आली. घरातल्या चोरीच्या ३०५ ला आणि घरफोडीच्या ३३१ ला असे किमान नाही. म्हणजे दुसऱ्यांदा सायकल चोरणाऱ्याला तळ आहे, दुसऱ्यांदा घर फोडणाऱ्याला नाही. हे बुजवावे, आणि दुसऱ्या शिक्षेसाठी दोन ते तीन वर्षांचे किमान योग्य वाटते.

पहिल्याच गुन्ह्याला दहा वर्षांचे किमान मात्र उलटेल. त्यात बोरमाळ घेऊन बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगाही सापडतो. तीन वर्षांवरचे किमान ठरले की खटला प्रथमवर्ग कोर्टाबाहेर जातो आणि सात वर्षांवरचे ठरले की थेट सत्र न्यायालयात, जिथे खुनाचे खटलेच रांगेत आहेत. आणि अर्धे प्रमाणपत्र, ठाण्यात सही करणारा पंच असा पुरावा समोर असताना दहा वर्षे द्यायचीच असतील, तर संशयाचा फायदा अधिक सढळ मिळेल.

हे बदल आयुक्तांच्या हातात नाहीत. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. राज्याची दुरुस्ती विधिमंडळात होते आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. त्या ओळीचे निवेदन आमदारांकडे जायला हवे. आयुक्तांकडे मागण्यासारखे वेगळे आहे: सराईताच्या प्रत्येक अटकेत आधीच्या निकालाची साक्षांकित प्रत दोषारोपपत्रासोबत असावी, तिचा पाठपुरावा एका पैरवी अंमलदाराच्या (कोर्टातले काम पाहणाऱ्या पोलिसाच्या) नावावर असावा, आणि सराफाकडून माल जप्त होतो तिथे खरेदी वहीही जप्त व्हावी.

टोळी असेल तर इतर साधने आहेत. गट करून घरातल्या चोऱ्या करणाऱ्यांना न्याय संहितेचे कलम ११२ लागते, १ ते ७ वर्षे, आणि इथे किमान आहे. दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रांची कोर्टाने दखल घेतली असेल तर संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका १९९९ चा विचार होतो, पण त्याला वरिष्ठांची पूर्वमंजुरी लागते आणि दोन माणसांच्या हंगामी जोडीला तो पेलत नाही. तडीपारीबद्दल फार आशा धरू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६-५७ खाली माणूस जिल्ह्याबाहेर जातो, पण सोलापूरची हद्द कर्नाटकातल्या विजयपूर आणि कलबुर्गीला लागून आहे, आणि महाराष्ट्राचा आदेश तिकडे चालत नाही. विजयपूर जिल्ह्यातल्या इंडीहून रात्रीत येऊन जाता येते.

राहिला फिर्यादीचा हक्क. शिक्षा कमी वाटली म्हणून तो स्वतः अपील करू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये पीडिताला निर्दोष सुटका, कमी गुन्ह्यात दोषी ठरवणे आणि अपुरी भरपाई एवढ्यावरच अपील आहे. शिक्षा वाढवून मागणे सरकारच्या हातात, कलम ४१८ खाली सत्र न्यायालयात. फिर्यादी सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन तशी विनंती करू शकतो, आणि या प्रकरणात सराफाच्या सुटकेविरुद्ध तो स्वतःही जाऊ शकतो. दागिन्यांसाठी मात्र निकालाची वाट पाहू नये. त्याच संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे मुद्देमाल कोर्टासमोर आला की १४ दिवसांत त्याचे वर्णन तयार करायचे, फोटो किंवा चित्रीकरण करायचे आणि पुढच्या ३० दिवसांत तो कुणाकडे द्यायचा याचा आदेश करायचा. बोरमाळ अटकेनंतर दुसऱ्या महिन्यात बंधपत्रावर घरी आली. लगडीसाठी सराफानेही अर्ज केला होता, आणि ती अजून कोषागारात आहे.